बुवा कुठे गप्प होतात

३ फेब्रुवारी, सोमवार

मैना आज ऑफिसातून आली ती आपल्या घरात न शिरता सरळ आमच्याकडेच आली. चपला काढायच्या आधीच म्हणाली, "वहिनी, बुवा गप्प झालेत."

मैना माझी नणंद. शेजारच्याच घरात एकटी राहते, मधली भिंत एक. जन्मापासून तिला दिसत नाही. लहानपणी ती कुणाचाही आवाज हुबेहूब काढायची म्हणून मैना. अजूनही काढते. परवा तिने मागून आमच्या साहेबांचा आवाज काढला आणि मी हातातलं भांडं ठेवून उभी राहिले. बुवा म्हणजे तिच्या कॉम्प्युटरवरचा स्क्रीन रीडर. पडद्यावर जे लिहिलेलं असेल ते मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम. एका सुरात, न थकता, समोरच्याला कळो न कळो बोलत राहतो, म्हणून बुवा.

फोनवरून समुपदेशन करणाऱ्या संस्थेत ती बारा-तेरा वर्षं आहे. अडलेली, खचलेली माणसं फोन करतात. मैना ऐकते, बोलते आणि मग त्या बोलण्याची नोंद लिहिते. आता ऑफिसने नवं सॉफ्टवेअर आणलंय. त्यातलं बाकी सगळं बुवा वाचतात, पण नोंदीच्या चौकोनात शिरलं की म्हणतात, "रिकामं." मैनेने पानभर लिहिलेलं असलं तरी "रिकामं." स्वतः काय लिहिलं ते तिला तपासता येत नाही, मागच्या वेळी काय लिहिलं होतं तेही कळत नाही.

मॅनेजरबाई वाईट नाहीत. त्यांनी तोड काढली, की मैनेने सांगावं आणि दुसऱ्या कुणी टाइप करावं. ते नको असेल तर पुढच्या महिन्याच्या अखेरीपासून तिने नुसते फोन जोडून द्यायचे.

"एखादी बाई जे नवऱ्यालाही सांगत नाही ते मला सांगते," मैना म्हणाली. "ते मी तिसऱ्याला मोठ्याने सांगून लिहून घेऊ? मग तिने मलाच का सांगावं?"

सॉफ्टवेअरवाल्यांना कळवलं तर त्यांचं उत्तर आलं, तक्रार नोंदवली आहे. बस्स.

बुवांचा कोड मात्र उघडा आहे. जगभरच्या लोकांनी फावल्या वेळात मिळून लिहिलेला, कुणीही वाचावा, दुरुस्त करावा असा. मी म्हटलं, "मी बघते." बोलून गेले खरी.

५ फेब्रुवारी, बुधवार

कोड उतरवून घेतला. फाइलींची यादी खाली ओढत राहिले, ती संपेचना.

पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात मी वीस वर्षं एकच प्रोग्राम सांभाळते. बराचसा मीच लिहिलाय. अंधारात हात घातला तरी हवा तो डबा सापडावा तसा तो माझ्या हातातला आहे. परक्याचा एवढा मोठा कोड मी कधी वाचलेलाच नाही. आणि हा तर एकमेकांना कधी न भेटलेल्या शेकडो लोकांचा. तरी किती नेटका. प्रत्येक फाइलीच्या डोक्यावर दोन ओळी, ही फाइल कशासाठी आहे. आमच्या ऑफिसात एका मजल्यावरच्या चार माणसांचं एवढं एकमत होत नाही.

आज वाचलं काहीच नाही. आधी हत्यारं नीट जमवू, मग कामाला लागू.

८ फेब्रुवारी, शनिवार

तीन एडिटर, म्हणजे कोड वाचायचे-लिहायचे प्रोग्राम, बसवून पाहिले. पहिला फार साधा वाटला. दुसरा इतका जड, की उघडेपर्यंत माझी भाजी चिरून झाली. तिसरा आवडला. डावीकडे फाइलींचं झाड, उजवीकडे अख्ख्या फाइलीचा इवलासा नकाशा, खाली टर्मिनल, म्हणजे हुकूम टाइप करायची काळी पट्टी. एखाद्या नावावर बोट ठेवलं की ते मुळात जिथे लिहिलंय तिथे उडी मारता येते. रंगांचे चाळीस प्रकार. अक्षराचं वळण ठरवायलाच दुपार गेली.

नवरा दोनदा येऊन बघून गेला. तिसऱ्यांदा म्हणाला, "घर सजवून झालं असेल तर आता राहायला जा."

त्याला कसं सांगायचं, की मांडणी चुकली तर सगळंच चुकतं.

९ फेब्रुवारी, रविवार

मैना येऊन शेजारी बसली. तिला घरी कंटाळा आला असावा.

"काय चाललंय?"

"रंग निवडतेय. कामांची नावं निळी, टिपा हिरव्या, आकडे नारिंगी."

"मग त्याने काय कळतं?"

मी सांगायला गेले आणि अडखळले. म्हटलं, नजरेला बरं वाटतं. ती "बरं" म्हणाली. मग म्हणाली, "एक फाइल वाचून दाखव ना."

करमणूक म्हणून दाखवली. बुवांना वेगवेगळ्या खिडक्यांमधून निरोप येतात, अमुक उघडलं, तमुक बदललं. त्यातलं काय वाचायचं आणि काय नाही ते ठरवणारी फाइल. मधेच एक टीप लागली, कुणा अनोळखी माणसाने लिहिलेली: 'ही अट कृपया काढू नका. एक पत्रांचा प्रोग्राम एकच निरोप तीस-तीस वेळा पाठवतो. ही अट नसताना माझ्या आईला एकेक पत्र तीस वेळा ऐकावं लागलं. तिने मला ऐकवलं ते वेगळंच.'

आम्ही दोघी हसलो. कोण कुठला माणूस, पण आईसाठी चार ओळी लिहिल्या आणि पुढच्यांसाठी कारणही लिहून ठेवलं. मी वीस वर्षांत एकदाही कारण लिहिलेलं नाही. नुसतं लिहिते, 'बदलू नये.'

जाताना मैना म्हणाली, "तुझा तो जुना लॅपटॉप पडलाय ना? मी नेऊ का?" दिला. गाणी ऐकायला लागत असेल.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

एडिटरमध्ये आणखी दोन सोयी बसवल्या. कुठली ओळ कुणी, कधी लिहिली ते आता बाजूला फिकट अक्षरांत दिसतं. फार देखणं दिसतं.

सकाळी भिंतीतून बुवांची अखंड बडबड ऐकू येत होती, नेहमीच्या दुप्पट वेगाने. मैना एखादी कादंबरी ऐकत असावी. नवरा म्हणाला, "एवढी कुठली कादंबरी, जी ती मधे मधे थांबवून मागे नेतेय?"

१६ फेब्रुवारी, रविवार

आजचा दिवस वाईट गेला.

ऑफिसने मैनेला खोट्या नोंदी भरलेली त्या सॉफ्टवेअरची सरावाची एक प्रत घरी दिली आहे. ती माझ्या कॉम्प्युटरवर चढवली, उतरवलेल्या कोडवरून मीच बांधलेले बुवा चालू केले आणि डीबगर लावला. डीबगरने चालता प्रोग्राम हव्या त्या ओळीवर थांबवता येतो आणि त्या क्षणी त्याच्या पोटात काय आहे ते पाहता येतं. हे माझं आवडतं हत्यार. मैना कीबोर्डवर बसली, नोंदीच्या चौकोनात शिरली, बुवा माझ्या ओळीवर थांबले.

खोली एकदम शांत झाली. मैनेने एक बटण दाबलं, दुसरं दाबलं. मग दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले.

"वहिनी, तू त्यांचा गळा धरलास," ती म्हणाली. "आता मी कुठे आहे ते मला सांगणार कोण?"

माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी पडद्याकडे पाहत होते, माझ्यासाठी सगळं लख्ख होतं. तिच्यासाठी दिवे गेले होते, तेही मीच घालवले होते.

पुढे त्याहून वाईट. थांबवलेले बुवा पुन्हा सोडले तर त्यांनी अख्खी नोंद घडाघडा वाचली. थांबवलं नाही तर "रिकामं." दहादा करून पाहिलं. थांबवलं की वाचतात, सोडलं की गप्प. म्हणजे ज्या हत्याराने चूक शोधायची तेच लावलं की चूक पळून जाते.

मी वैतागून खुर्ची मागे ढकलली. मैना म्हणाली, "म्हणजे त्यांना घाई होतेय."

"कुणाला?"

"बुवांना. थांबलं की बरोबर वाचतात ना? मग घाईच होत असणार."

मला तेव्हा तो विनोद वाटला.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

परवाच्या तिच्या बोलण्याचा विचार ऑफिसात करत होते. विनोद नव्हता तो.

२२ फेब्रुवारी, शनिवार

मैना सकाळीच आली आणि म्हणाली, "तुझी मांडणी मला दे. मी वापरून बघते."

बुवांसकट माझा एडिटर तिच्या हाती दिला. पाच मिनिटं तिने बटणं दाबली. झाडात शिरली ती बाहेर निघेना. नकाशा बुवांना वाचता येईना. ती फिकट अक्षरं प्रत्येक ओळीच्या मधे घुसून बोलायला लागली, कोड राहिला बाजूला.

"बाजारात सगळे एकदम ओरडतात तसं वाटतंय," ती म्हणाली. "एकाने बोलावं, बाकीच्यांनी विचारल्यावर बोलावं."

मग आम्ही एकेक गोष्ट काढत गेलो. नकाशा गेला. झाड गेलं. नाव-तारीख गेली. रंगांबद्दल ती म्हणाली, "राहू देत, मला त्यांचा त्रास नाही," आणि मला बरं वाटलं ते लपवता आलं नाही. एकेक दागिना उतरवून ठेवत असल्यासारखं होत होतं.

राहिलं ते असं. पहिल्याच दिवशी नाकारलेला साधा एडिटर, एका वेळी एकच फाइल. नावावरून मुळाकडे नेणारी उडी, पण एका बटणावर. कोडच्या या भाषेत कुठली ओळ किती आत सरकवलीय त्याला अर्थ असतो. मी ते डोळ्यांनी पाहते, मैनेसाठी आता दर ओळीआधी एक सूर वाजतो, जितकी ओळ आत तितका सूर वर. सगळ्या फाइलींमधून शब्द शोधून देणारा टर्मिनलचा एक साधा हुकूम. तो सापडलेली जागा एका ओळीत सांगतो, फाइल, ओळीचा आकडा, मजकूर. तिला तो फार आवडला. "हा माणूस कामापुरतं बोलतो," म्हणाली.

डीबगरऐवजी लॉग. बुवा काय काय करतात ते स्वतःच एका फाइलीत लिहीत जातात, त्यांना थांबवावं लागत नाही. मला लॉग म्हणजे रद्दी वाटायची. मैनेनेच विचारलं, "ते स्वतः काही लिहून ठेवत नाहीत का?" शिवाय दोन यंत्रं. माझ्या कॉम्प्युटरवर दुरुस्तीतले बुवा, जुन्या लॅपटॉपवर धडधाकट बुवा. एकांचा आवाज गेला तर दुसरे सांगतात.

सुरांची सोय आहे हे मात्र तिला आधीच ठाऊक होतं. कुठून कळलं कोण जाणे.

२३ फेब्रुवारी, रविवार

दुपार. मैना लॉग ऐकत होती. तिचा ऐकण्याचा वेग मला झेपत नाही. मला तो माशीच्या गुणगुणण्यासारखा वाटतो. मी पलीकडे आवराआवर करत होते. गुणगुण थांबली, मागे गेली, परत चालू झाली, परत थांबली. मग मैना टेबलावर बोटांनी ठेका धरून म्हणायला लागली, "आला, घेतला. आला, घेतला. आला, टाकला."

"काय गं?"

"निरोप. बुवांना आलेला प्रत्येक निरोप ते घेतात. नोंदीच्या चौकोनात शिरलं की दुसरा निरोप मात्र टाकून देतात. दर वेळी. ठेकाच चुकतो तिथे."

मी म्हटलं, योगायोग असेल. ती म्हणाली, "असेल. तू शोध बरं, हे 'टाकला' कुठून लिहिलं जातं."

शोधलं. अख्ख्या कोडमध्ये एकच जागा. उघडली तर तीच ती तीस पत्रांची, आईची अट.

मग सगळं उलगडलं. चौकोन उघडल्या उघडल्या बुवा विचारतात, आत काय आहे? मजकूर अजून आलेला नसतो, उत्तर येतं, काही नाही. क्षणात मजकूर येतो आणि नवा निरोप जातो, बदल झाला. पण दोन्ही निरोप एकाच चौकोनाचे, लागोपाठचे. बुवांना वाटतं, आला पुन्हा तोच, आणि ते टाकून देतात. डीबगरने थांबवलं की मधे वेळ जातो, मग ते टाकत नाहीत. घाईच होती.

मी तिचा हात धरला. तिचे हात गार पडले होते. तेव्हा कळलं की ती दुपारभर उठलेलीच नव्हती.

"तुला ही फाइल माहीत होती?" मी विचारलं.

"ही माहीत होती. शेजारच्या सात-आठ पण," ती म्हणाली. "लॅपटॉपवर ऐकते मी सकाळी. तुझ्याएवढं नाही कळत."

कादंबरी म्हणे. मी पण काय.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

सोमवारी बुवांचा कोड सांभाळणाऱ्यांना लिहायचं ठरलं. मी मसुदा केला, दीड पान. आम्ही नवख्या आहोत, चूक असल्यास क्षमा असावी, वगैरे. मैनेने ऐकला आणि विचारलं, "यात प्रश्न कुठे आहे?"

तिने चार वाक्यं लिहिली. काय होतं, कधी होतं, लॉगमधल्या कुठल्या ओळी, आणि ही अट न काढता सैल कशी करावी?

दोनच दिवसांत उत्तर आलं. लिहिणाऱ्याला आम्ही राखणदार म्हणतो. त्याने लिहिलं, तुमचा अंदाज मला बरोबर वाटतो. असं 'रिकामं' वाचल्याच्या आणखी तक्रारी आहेत, आम्हाला जागा सापडत नव्हती, कारण आम्हीही डीबगर लावत होतो. तुम्हाला कशाने सापडलं?

मैनेने उत्तर दिलं, "ऐकून."

८ मार्च, शनिवार

पहिली दुरुस्ती माझी. मी ती अट नोंदीच्या चौकोनापुरती बंद केली. नोंद वाचली गेली आणि मी नाचायची बाकी राहिले. मैना म्हणाली, "आता तो पत्रांचा प्रोग्राम उघड. त्यातही पत्र लिहायचा चौकोन अशाच जातीचा आहे." उघडला. बुवा एकच ओळ म्हणत सुटले, म्हणत सुटले. नवरा आतून येऊन विचारतो, अडकले का महाराज?

त्या अनोळखी आईचे हाल मला प्रत्यक्ष ऐकू आले. तिच्या मुलाने अट लिहिली ती उगीच नाही. आणि आपल्या नोंदींसाठी दुसऱ्याच्या आईला पुन्हा तीस वेळा ऐकायला लावायचं, हे मैनेला मुळीच चालणार नव्हतं. ती वाट संपली.

दुसरी दुरुस्ती दोघींची. आता निरोप टाकण्याआधी बुवा आत डोकावतात. मजकूरही तोच असेल तरच टाकतात, बदललेला असेल तर घेतात. मोजून सहा ओळी. त्यांच्यावर कारणाची टीप मैनेने लिहिली, त्या जुन्या टिपेला लागून.

पत्रांचा प्रोग्राम उघडला, एकदाच वाचलं. मग सरावाच्या नोंदीत मैनेने काहीतरी टाइप केलं, बाहेर आली, पुन्हा आत शिरली. बुवा त्यांच्या त्या कोरड्या सुरात म्हणाले, "वहिनी चहा फार गोड करते."

मला रडू आलं. मैना म्हणाली, "अगं, खरंच गोड करतेस."

१५ मार्च, शनिवार

राखणदाराने दुरुस्ती दोनदा परत पाठवली. एकदा चाचण्या लिहून मागितल्या, एकदा नावं बदलायला लावली. रागावून नाही, प्रत्येक वेळी कारण देऊन. मला दोन्ही वेळा वाटलं, संपलं. मैना दोन्ही वेळा म्हणाली, "म्हणजे तो नीट वाचतोय."

आज घेतली. पुढच्या आवृत्तीत असेल. खाली दोघींची नावं, आधी तिचं. माझं नाव तिने घातलं हे मला आत्ता कळलं.

राखणदाराने तिला विचारलंय, उरलेल्या 'रिकामं'च्या तक्रारी बघाल का? तिलाच विचारलंय. बरोबर आहे. मला जरा टोचलं, ते इथे लिहून ठेवते आणि सोडून देते. मी दोन-अडीच आठवडे डोळ्यांना काय बरं दिसतं ते जमवत होते आणि ही बाई सकाळी उठून परक्यांचा कोड ऐकत होती, एक अक्षर न बोलता, मला वाईट वाटू नये म्हणून. हे मी सांगितलं तर नवरा म्हणाला, "ती लहानपणापासून तशीच आहे. तुझी मात्र कमाल, स्वतः निवडलेलं स्वतः काढून टाकलंस. मला नसतं जमलं." त्याने चेष्टा केली असेल असं वाटून मी त्याच्याकडे पाहिलं. चेष्टा नव्हती.

२४ मार्च, सोमवार

नवी आवृत्ती आली. मी अर्धी रजा टाकून मैनेबरोबर तिच्या ऑफिसात गेले. मॅनेजरबाईंसमोर तिच्या कॉम्प्युटरवर बुवा बसवले. बाईंनी विचारलं, चालेल ना नक्की? मी काहीतरी सांगायला तोंड उघडलं, पण मैना आधीच हेडफोन लावून बसली होती. पहिली जुनी नोंद उघडली. तिची मान जराशी तिरपी झाली, ती लक्ष देऊन ऐकते तेव्हा होते तशी. बुवा काय म्हणत होते ते आम्हाला ऐकू येत नव्हतं. तिचा चेहरा बदलत गेला. कुणाचं तरी दुःख तिला तिच्याच शब्दांत परत मिळत होतं.

बाई म्हणाल्या, "मग त्या टायपिस्टला नको म्हणून कळवते."

तेवढ्यात मैनेच्या टेबलावरचा फोन वाजला. मैनेने एक हेडफोन कानावरून सरकवला, फोन उचलला आणि त्या माणसाला म्हणाली, "बोला, मी ऐकतेय. फक्त एक क्षण." मग माझ्या दिशेने वळून, हळू आवाजात, "वहिनी, बाहेर जा आता. आणि दार लावून घे."

बाई आणि मी बाहेर आलो. दार मी लावलं, नीट, खटका बसेपर्यंत. आत ती बोलत होती की ऐकत होती, काही कळलं नाही. कळायचं कारणही नव्हतं.

बाईंनी चहा घेणार का विचारलं. नको म्हटलं, ऑफिसात जायचंय. तिथे वीस वर्षांचा कोड पडलाय, एकाही ओळीवर कारण लिहिलेलं नाही. दुपारपासून पहिल्या फाइलीला बसले आहे.